वाघ दिसला, माणसे गाळली

मराठीतल्या अलीकडच्या बहुतेक जंगल-प्रवासवर्णनांवर आमचा एक स्पष्ट आरोप आहे : ती जंगल पाहत नाहीत, वाघाची हजेरी घेतात. पहाटेची जिप्सी, चितळाचा कॉल, रोखलेला श्वास आणि मग 'दर्शन'. वाघ दिसला तर सहल सार्थकी लागली, नाही तर जंगल 'रिकामे'. ताडोब्यावरचे दहा लेख वाचा; प्रवेशद्वार बदलते, लेख बदलत नाही.

चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणाऱ्या वाटेवर दुर्गापूरच्या कोळसा खाणी आहेत, महाऔष्णिक वीज केंद्राची धुराडी आहेत. लेखकाचे डोळे मात्र प्रवेशद्वारापाशी उघडतात. आत गेल्यावर तरी काय? ज्या तारूवरून 'ताडोबा' हे नाव आले असे मानतात, तो लोककथेनुसार वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख. तळ्याकाठी त्याचे देवस्थान आहे. ही कथा लेखात एका वाक्यात येते, शोभेपुरती. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी मरण पावल्या. त्या बातमीतच राहतात. तारूचे मरण दंतकथा आणि त्यांचे मरण 'मानव-वन्यजीव संघर्ष', ही वाटणी कोणी केली?

निर्मनुष्य अरण्याची ही कल्पना इथल्या मातीतली नव्हेच. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. पुढे तिथल्या मूळ रहिवाशांना बाहेर काढण्यात आले आणि गरम पाण्याच्या उसळत्या फवाऱ्यांना भिऊन ते तिथे फिरकतच नसत, अशी कथा पसरवली गेली. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे आतून उठली. वाघाला निवांत जागा लागते, हे आम्हाला मान्य आहे. पर्यटनावर गाईड आणि जिप्सीचालकांच्या चुली पेटतात, हेही. आमचा आक्षेप संवर्धनावर नाही, लेखनावर आहे. आज चितळांचे कळप जिथे 'मनसोक्त चरतात', ते कुरण काल एखाद्या गावाचे शिवार होते, एवढे लिहायला शब्द का आटतात?

हीच गाडी वैनगंगा ओलांडून गडचिरोलीमार्गे धानोऱ्याच्या रस्त्याला लागली, तर मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव येते. या गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. इथे जंगल दर्शनाचे स्थळ नसून कारभाराचा विषय आहे. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' त्यावरच आहे. पण ते समाजशास्त्राच्या कपाटात ठेवून मराठीचे विभाग मोकळे होतात. जणू ललित गद्याला ग्रामसभेचे वावडे आहे.

म्हणून मुद्दा अभ्यासक्रमाचाही आहे. 'निसर्गवर्णनाची वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नावर प्रश्नपत्रिका किती काळ थांबणार? त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा : या लेखात नाव कोणाला आहे? 'माया' वाघीण मराठी वाचकाला नावानिशी ठाऊक आहे. पाऊलखुणा वाचून तिच्यापर्यंत नेणारा माणूस मात्र शेवटच्या ओळीपर्यंत 'आमचा गाईड' एवढाच उरतो.