ज्युरीचं समन्स चुकवू नका

सांगलीच्या दिवाणी कोर्टात माझं उभं आयुष्य गेलं. कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, शेवटी हुकूमनामा. सगळं एकट्या न्यायाधीशासमोर. न्यू जर्सीत राहणाऱ्या लेकीला दिवाणी कोर्टाचं ज्युरीचं समन्स आलं, तेव्हा जावईबापूंचा पहिला प्रश्न होता, "हे टाळता कसं येतं?" मित्राकडून लगेच तोडगाही आला: "इन्शुरन्स कंपन्यांवर राग आहे म्हणून सांग, सोडतात."

सोडतातही. तिथे दिवाणी दाव्याला सहसा सहाच ज्युरर लागतात, पण बोलावतात त्याहून कितीतरी जास्त. न्यायाधीश एकेकाला विचारतात: पक्षकार किंवा वकील ओळखीचे आहेत का? स्वतः कधी असा दावा केलाय का? पूर्वग्रह दिसला की नाव कमी. शिवाय दोन्ही बाजूंना सहा-सहा जणांना कारण न देता वगळता येतं. फक्त वंश किंवा लिंग पाहून वगळता येत नाही. उरलेल्या सहांपैकी पाच जणांचं एकमत झालं की निकाल. फौजदारीसारखी संशयातीत खात्री लागत नाही, पारडं जरा झुकलं तरी पुरे. हे मात्र आपल्याकडच्यासारखंच.

"सामान्य माणसाला कायद्यातलं काय कळतं?" हा आपला आवडता आक्षेप. 1959 मध्ये मुंबईच्या ज्युरीने खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, तेव्हापासून तो आपल्या डोक्यात पक्का बसलाय. अमेरिकेतही मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचा दावा असाच चेष्टेचा विषय झाला. कॉफी सांडली आणि बाई लखपती झाली म्हणे!

निकाल नीट वाचा. न्यू मेक्सिकोतल्या 79 वर्षांच्या स्टेला लीबेक यांची मांडी इतकी खोल भाजली होती की दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. त्यांनी वीस हजार डॉलर मागितले, कंपनीने आठशे देऊ केले. अशा भाजण्याच्या सातशेच्या आसपास तक्रारी आधीच आल्याचं कंपनीच्याच कागदांतून पुढे आलं. 1994 मध्ये ज्युरीने भरपाई ठरवली दोन लाख, पण त्यात वीस टक्के चूक लीबेक यांचीही म्हणून वजा करून एक लाख साठ हजार दिले. वर दंडापोटी सत्तावीस लाख. तो न्यायाधीशांनी चार लाख ऐंशी हजारांवर आणला. पुढे तडजोड झाली. स्वतः कॉफी सांडणाऱ्या बाईंच्या पदरी वीस टक्के चूक टाकणारी ही माणसं अडाणी? हा हिशेब एखाद्या मुरलेल्या न्यायाधीशालाही शोभला असता.

तेव्हा तिकडच्या मराठी मंडळींनो, पासपोर्ट अमेरिकेचा आणि कोर्टाचं काम तेवढं शेजाऱ्याचं, हे बरं नव्हे. उद्या तुमच्याच गाडीला कुणी धडक दिली, तर निवाडा करायला शहाणी माणसं बसलेली हवीत ना? नागरिक नसाल तर तसं कळवा, नाव निघेल. तारीख अडचणीची असेल तर पुढची मागा. पण खोटा राग सांगून सुटू नका.