मीटर पळतंय की सेन्सर?

आकड्यांवर विश्वास ठेवू नका असं मी कसा म्हणेन? माझं पोटच आकड्यांवर चालतं. पण आकडा आला कुठून, हे विचारल्याशिवाय त्याच्यापुढे मान डोलवू नये, एवढंच म्हणणं आहे.

इथे नेदरलँड्समध्ये घराच्या दाराशी एक अरुंद कपाट असतं, 'मेटरकास्ट'. वीज, गॅस, पाणी, सगळ्यांची मीटरं त्यात. विजेच्या स्मार्ट मीटरमधून आकडे थेट घरच्या कॉम्प्युटरवर घेता येतात. पाण्याचं मीटर मात्र बहुतेक ठिकाणी मुकंच. त्याच्या तोंडावर एक छोटी चकती असते, अर्धी धातूची. एक लिटर पाणी गेलं की तिचा एक फेरा पूर्ण होतो. आमच्यासारखी हौशी मंडळी तिच्यावर धातू ओळखणारा सेन्सर बसवतात. धातू समोर आला की एक लिटर मोजायचं. हिशेब सोपा!

आणि मग एक दिवस आलेख सांगतो, रात्री तीन वाजता घरात चाळीस लिटर पाणी वापरलं गेलं. सगळे झोपलेले, नळ बंद, गळती कुठेच नाही. भुताटकी? छे. नळ बंद झाला तेव्हा धातूची कड नेमकी सेन्सरखाली येऊन थांबलेली असते. पाइपातला दाब किंचित कमीजास्त होतो, चकती केसभर मागेपुढे डुलते आणि सेन्सर प्रत्येक डुलण्याचं एक लिटर लावतो.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे सेन्सर विसरून खुद्द मीटरवरचे आकडे डोळ्यांनी वाचणं. झोपताना लिहा, सकाळी ताडून पहा. मीटर जागचं हललेलं नसेल तर दोष सेन्सरचा. दुसरं काम इलाजाचं. सर्रास मिळणारा सल्ला असा, की सरासरी काढा किंवा 'अशक्य' वाटणारे आकडे गाळून टाका. आलेख छान गुळगुळीत होतो खरा, पण उद्या फ्लशची टाकी खरोखरच गळायला लागली तर तेही पुसलं जाईल! त्यापेक्षा दोन सेन्सर एकमेकांपासून पाव फेऱ्याच्या अंतरावर लावावेत. आधी एकाला आणि मग दुसऱ्याला धातू दिसला, तरच लिटर मोजायचं. एका कडेवरचं डुलणं दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. थोडक्यात, आलेखातला सुळका छाटू नका, त्याचं कारण शोधा.

इथे सेन्सर खोटा आणि मीटर खरं निघालं. नेहमी असंच असतं का? नाही. ट्वेंटे विद्यापीठातल्या फ्रँक लेफेरिंक आणि सहकाऱ्यांनी विजेची 9 इलेक्ट्रॉनिक मीटरं तपासली आणि 2017 साली ती बातमी गाजली. 5 मीटरांनी वापर जास्त दाखवला, एका चाचणीत तर 582 टक्के जास्त. 2 मीटरांनी 30 टक्के कमी. डिमरवर लावलेले एलईडी दिवे वीज तुकड्यातुकड्यांनी, झटक्याने ओढतात आणि काही मीटरांच्या आतल्या सेन्सरला तो झटका नीट मोजता येत नव्हता. चाचणी मुद्दाम कठीण ठेवलेली होती, घरोघरी असंच होतं असा अर्थ नाही. पण 'मशीन चुकत नाही' हे वाक्य निकालात निघालं.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण म्हणजे 2021 साली केंद्र सरकारने 25 कोटी स्मार्ट मीटरांची योजना आणली आणि तेव्हापासून आपल्याकडचे वाद मी इथून वाचतो. ग्राहक म्हणतो, मीटर पळतं. कंपनी म्हणते, मशीन चुकत नाही. दोन्ही वाक्यं न मोजता केलेली!

मोजणं अवघड नाही. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती वेळा, ते शेजारीच छापलेलं असतं. समजा 3200. घरातलं सगळं बंद करून फक्त पाणी तापवायचा 1000 वॅटचा रॉड चालू ठेवा. दिवा मिनिटाला साधारण 53 वेळा लुकलुकायला हवा. दोनचार इकडेतिकडे चालतील, शंभर नव्हे. शंका उरली तर लेखी तक्रार करा. फेब्रुवारी 2024 मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार कंपनीने 5 दिवसांत पडताळणीसाठी दुसरं मीटर लावायचं असतं आणि किमान 3 महिने ताडून पाहायचं असतं.

स्मार्ट मीटरला माझा विरोध नाही. पण ज्या मापाने आपल्याकडून पैसे घेतले जातात, ते माप तपासायची सोय आपल्या हातात हवी. वाण्याच्या तराजूकडे आपण पाहतोच ना? मग याच्याकडे का नको?