पानिपतची रसद आणि शीख सरदार

सांगोल्याचे नाव आज डाळिंबांमुळे दूरदूरच्या बाजारपेठांत पोहोचले आहे. मराठ्यांच्या इतिहासात मात्र ते एका करारासाठी नोंदले गेले. सप्टेंबर १७५० मध्ये सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांना बरोबर घेऊन येथे आले. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी सांगोल्यात ठाण मांडले होते. त्यांचा बंदोबस्त झाल्यावर राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांकडे सोपविणारा करार येथेच झाला. भाऊंचे वय तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. दहा वर्षांनी हेच भाऊ उत्तरेत गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणात कामी आले.

पानिपतची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. तिच्यात शिखांचे नाव क्वचितच येते. वास्तविक मराठे आणि अब्दाली यांच्या वैराचे एक प्रमुख कारण पंजाब हेच होते, आणि त्याच पंजाबच्या रानावनांत शीख कित्येक वर्षे लढत होते. त्यांच्याशी मराठ्यांचा व्यवहार कसा राहिला, हे पाहिल्यावाचून पानिपतचा हिशेब पुरा होत नाही.

गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये खालसा पंथाची स्थापना केली. १७०८ मध्ये त्यांनी नांदेड येथे देह ठेवला. त्यांची आज्ञा घेऊन बंदा बहादुर नांदेडहूनच पंजाबकडे निघाला. १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकले आणि १७१६ मध्ये दिल्लीत त्याला क्रूरपणे ठार करण्यात आले. पुढील तीन दशके शिखांसाठी अतिशय खडतर गेली. त्यांच्या मस्तकांवर इनामे लावली गेली, वस्त्या उजाड झाल्या, अनेकांनी जंगलांचा आणि डोंगरांचा आश्रय घेतला. अखेर १७४८ मध्ये अमृतसर येथे विखुरलेल्या जथ्यांची एकत्र बांधणी होऊन जस्सासिंग अहलुवालियांच्या नेतृत्वाखाली ‘दल खालसा’ उभे राहिले. त्यातील पथकांना मिसल म्हणत. प्रत्येक मिसलीचा सरदार स्वतंत्र असे. परंतु वैशाखी आणि दिवाळीला अमृतसरी भरणाऱ्या सभेत ठरलेली गोष्ट सर्वांवर बंधनकारक मानली जाई.

या फौजेपाशी मोठा तोफखाना नव्हता, तंबू-कनातींचा पसाराही नव्हता. धावत्या घोड्यावरून बंदूक चालवायची, शत्रूवर अकस्मात घाव घालून दूर निघून जायचे आणि तो पाठलागात विस्कळीत झाला की पुन्हा उलटायचे, ही त्यांची रीत. शिवकालीन गनिमी काव्याशी तिचे साम्य उघड आहे. अन्नाची वानवा तर नित्याचीच होती. खालशाच्या बोलीत भाजलेल्या चण्यांना ‘बदाम’ म्हणत, आणि शिधा संपून चूल थंड पडली की ‘लंगर मस्त झाला’ असे म्हणत. अल्प शिधेवर दीर्घकाळ टिकून राहण्याचा सराव हे त्या फौजेचे मोठे बळ होते. त्याला ‘राखी’ची जोड मिळाली. उत्पन्नाचा सामान्यतः पाचवा हिस्सा घेऊन गावाच्या रक्षणाची हमी द्यायची, अशी ही व्यवस्था. हमी पाळली जाते असे दिसल्यावर गावोगावचे कुणबी तिच्यात सामील झाले. अशा रीतीने या पथकांना धान्य, चारा आणि बातमी ही तिन्ही त्या भूमीतच मिळू लागली.

१७५८ च्या मार्चमध्ये रघुनाथरावांच्या फौजा सरहिंदला पोहोचल्या. त्या मोहिमेत मराठे, शीख आणि अदीना बेग एका बाजूला होते. सरहिंद पडले, एप्रिलमध्ये लाहोरही हाती आले. मात्र पुढे पंजाबची व्यवस्था लावताना मराठ्यांनी वार्षिक ७५ लाख रुपयांच्या बोलीवर तो प्रांत अदीना बेगच्या हवाली केला. कागदावर हा सौदा किफायतीचा दिसत होता. परंतु प्रत्यक्ष भूमीवर ज्यांचा वावर होता, ते शीख सरदार त्या सौद्यात कोठेच नव्हते. अदीना बेगने लवकरच त्यांच्यावर शस्त्र उपसले. काही महिन्यांत तो मरण पावला आणि सारा सौदाच निराधार झाला. रक्कम ठरली होती, पण ती भरणारा माणूस उरला नव्हता. जे उरले होते त्यांच्याशी मराठ्यांचे पक्के बोलणे कधी झालेच नव्हते.

याची किंमत १७६० च्या अखेरीस कळली. अब्दालीने ऑक्टोबरमध्ये बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडील मार्ग तुटला. पानिपतच्या छावणीत लढवय्यांबरोबर बायका-मुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे मिळून प्रचंड जमाव होता. दोआबातून रसद पाठविण्याची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्या दिवसांत पतियाळाचा शीख सरदार आलासिंग याने भाऊंच्या छावणीकडे धान्य पाठविले. अब्दालीच्या गस्ती पथकांनी तीही वाट पुढे बंद केली. एका सरदाराच्या स्नेहावर आलेले ते धान्य लाखाच्या घरातील तोंडांना कोठवर पुरणार? मिसलींशी आधीच सख्य असते, तर अब्दालीच्या पिछाडीवर सतत घाव घालणारी फौज आणि पंजाबचे धान्य, दोन्ही मराठ्यांच्या बाजूला येण्याची शक्यता होती. पुढे जे घडले त्यावरून ही केवळ कल्पना नव्हे, हे दिसते.

पानिपत जिंकून अब्दाली १७६१ च्या वसंतात परत निघाला, तेव्हा पंजाबात शिखांनी त्याच्या लुटीच्या काफिल्यांवर हल्ले केले. त्याने धरून नेलेल्या अनेक स्त्रियांची त्यांनी सुटका केली व त्यांना घरी पोहोचविले, असे शीख इतिहासग्रंथ सांगतात. संतप्त अब्दालीने ५ फेब्रुवारी १७६२ रोजी मालेरकोटल्याजवळ कुप येथे त्यांना गाठले. त्या दिवशी शिखांबरोबरही बायका-मुले आणि सामानसुमान होते. हजारो माणसे कापली गेली. शीख परंपरा या संहाराला ‘वड्डा घल्लूघारा’ म्हणते. मात्र त्याच वर्षीच्या दिवाळीला ते अमृतसरी पुन्हा जमले आणि लढले. १७६४ मध्ये सरहिंद आणि १७६५ मध्ये लाहोर त्यांच्या ताब्यात आले. ज्या गावांनी राखी मान्य केली होती, ती गावे या फौजेच्या मागे उभी होती. म्हणून एवढ्या मोठ्या पराभवानंतरही ती पुन्हा उभी राहू शकली.

जैन कुटुंबात युद्धातील हिंसेचा गौरव होत नाही, व्हावाही नये. तरीही सरहिंदचे नाव तेथे आदराने घेतले जाते, त्याचे कारण निराळे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याच नगरात गुरू गोविंदसिंगांचे दोन अल्पवयीन पुत्र, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, यांना ठार मारण्यात आले. मातोश्री गुजरी यांचेही तेथेच निधन झाले. सुभेदाराच्या भयाने अंत्यसंस्कारास कोणी पुढे येईना. तेव्हा दिवाण टोडरमल या धनिकाने जमिनीवर सुवर्णमुद्रा उभ्या मांडून तेवढी जागा विकत घेतली आणि तिघांना अग्नी दिला, अशी परंपरा आहे. टोडरमल हे जैन ओसवाल होते, असे जैन समाज मानतो. तलवार हाती न घेता त्यांनी जे केले, त्याचे स्मरण शीख समाज तीन शतकांनंतरही कृतज्ञतेने करतो.

त्याच सरहिंदवरून १७५८ मध्ये ७५ लाखांची बोली लाहोरकडे गेली आणि वर्षभरात बुडाली. टोडरमलांच्या मुद्रांतून त्यांच्या पेढीला काहीच मिळायचे नव्हते. ज्यांच्यासाठी त्या मोजल्या गेल्या, ती माणसे मात्र त्यांना कधी विसरली नाहीत. पानिपतच्या छावणीत धान्य संपत आले तेव्हा भाऊंना नेमकी अशीच माणसे हवी होती. आणि त्यांच्या वाट्याला त्यांतला एकच आलासिंग आला.