मूल शाळेंत आलें, त्याची बोली कोठें राहिली?

वाचकहो, दुसऱ्यांच्या चुका काढण्यांत आम्हां मास्तरांचा जन्म जातो. आज मी माझी स्वतःचीच एक चूक तुमच्यापुढें मांडणार आहें. ती एकट्या माझी असती तर मुकाट्यानें गिळली असती; पण गांवोगांवच्या शाळांतून ती रोज होते आणि तिचा भुर्दंड तुमच्या लेकरांस भरावा लागतो.

तिसरीच्या पोरांस मीं शेतींतील वस्तूंचीं नांवें लिहावयास सांगितलीं होतीं. एका चित्राचें छापील उत्तर होतें ‘पेरणीयंत्र’. एका सुताराच्या नातवानें तेथें ‘पाभर’ असें लिहिलें. माझ्या हातीं तांबडी शाई. मीं फुली मारली. दुसऱ्या दिवशीं त्याचा आजा वही घेऊन शाळेच्या पायरीशीं उभा. तो भांडावयास आला नव्हता. इतकेंच म्हणाला, “गुरुजी, चाळीस वर्सं म्या जी घडवली, तिचं नांव चुकलं व्हय?” मग त्यानें धुळींत बोटानें पाभर काढली आणि दिंड, फण, नळ्या, चाडें, दांडी असें एकेक अंग मला दाखविलें.

मी कुणब्याच्या घरचा. हे सारे शब्द मला येत होते. येत असून मीं ते चूक ठरविले; कारण घरची बोली ती अशुद्ध आणि छापील ती शुद्ध, हा धडा मास्तर होतांना माझ्या हाडींमासीं भिनला होता. तो पोरगा पुढें महिनाभर वर्गांत तोंड उघडीना. फुली वहीवर नव्हे, त्याच्या जिभेवर बसली होती.

१८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनापुढें सांगितलें कीं, शिक्षणावर खर्च होणारा पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षणास मुकते तीही रयतच. आज शाळेचें दार उघडें आहे, मूल आंत आलें आहे. पण त्याचे शब्द मात्र अजून चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावे लागतात.

यावर कांहीं शहाणे म्हणतात, “गरिबाच्या घरीं बोलणेंच कमी, म्हणून त्याच्या पोराजवळ शब्द कमी.” या म्हणण्यास ज्या शोधाचा आधार देतात तो अमेरिकेंतला. बेटी हार्ट व टॉड रिस्ले या दोघांनीं ४२ कुटुंबांच्या घरीं महिन्यांतून एक तास, सुमारें अडीच वर्षें जाऊन लेकरांशीं होणारें बोलणें टिपून घेतलें. १९९५ सालीं त्यांनीं हिशोब मांडला कीं, चार वर्षांचें होईपर्यंत बड्या नोकरदाराच्या मुलाच्या कानीं गरिबाच्या मुलापेक्षां तीन कोट शब्द अधिक पडतात. हा आंकडा जगभर फिरला. पण त्या ४२ घरांत अगदीं गरीब घरें अवघीं सहा होतीं!

२०१८ सालीं डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी व पेगी मिलर यांनीं हीच गोष्ट फिरून तपासली. नुसतें आईचें बोलणें न मोजतां घरांतील इतर माणसांचें आणि मुलाच्या आसपास चालणारें बोलणेंही त्यांनीं मोजलें. तेव्हां तो तीन कोटींचा खड्डा त्यांस दिसेना. कांहीं गरीब वस्त्यांत तर बोलण्याची रेलचेल आढळली. दुसऱ्या पंडितांनीं त्यांस उत्तर दिलें कीं, बोलणें नुसतें कानांवर पडून भागत नाहीं. तें मुलाशीं समोरासमोर झालें पाहिजे. हेंही खोटें नव्हे. त्याच वर्षीं रेचेल रोमिओ व त्यांच्या सोबत्यांनीं चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. मोठ्यानें पुसावें, मुलानें सांगावें, मोठ्यानें पुन्हां पुसावें, अशी बोलण्याची देवघेव जितकी अधिक, तितकें त्या मुलांच्या मेंदूंतील भाषेचें ठिकाण गोष्ट ऐकतांना अधिक जागें दिसलें. मग घर गरीब असो वा श्रीमंत. नुसत्या शब्दांच्या राशीपेक्षां ही देवघेव मोलाची ठरली. या देवघेवीस पैसा लागत नाहीं. आणि माझ्या फुलीनें नेमकी तीच तोडली.

आतां आपल्या घरांत पाहा. छापील धड्याला ‘पिल्लू’ हा एक शब्द पुरतो. तुमच्या पोराजवळ शेळीचें करडूं, मेंढीचें कोकरूं, म्हशीचें रेडकूं, गाईचें वासरूं. त्यांत पुन्हां कालवड निराळी आणि गोऱ्हा निराळा. बाजरीचें तें सरमाड, ज्वारीचा तो कडबा. जमीन काळी, बरड, मुरमाड, चोपण. लोहाराच्या पोरास भाता, ऐरण, घण, सांडशी हीं चालतां येण्याआधींपासून ठाऊक. चार वस्तूंचे चार भेद जाणतो तो अडाणी, आणि चौघींस एकच नांव देतो तो शहाणा, हा कोठला न्याय?

मोल्सवर्थ साहेबानें मराठीचा कोश १८३१ सालीं काढला व १८५७ सालीं तो वाढवून पुन्हां छापला. त्यांत ‘पाभर’ अर्थासह दिली आहे. समुद्रापलीकडच्या साहेबाला जो शब्द लिहून ठेवावासा वाटला, तो कुणब्याच्याच पोरानें मास्तर होऊन खोडला! ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. तिच्या जुनेपणाची साक्ष म्हणून गाथासप्तशतीचें नांव घेतात. त्या गाथेंत तरी कोण आहे? नांगर धरणारे, शेत राखणाऱ्या बाया, खेड्यांतील सुनालेकी. दोन हजार वर्षांपूर्वींच्या खेडवळाची बोली डोक्यावर घ्यावयाची आणि आजच्या खेडवळाच्या पोराला हंसावयाचें, हें ढोंग नव्हे तर काय?

पण घरची बोली गोड म्हणून तेवढ्यावरच थांबा, असें सांगणारा मास्तर तुमचा वैरी समजा. हू व नेशन यांनीं २००० सालीं इंग्रजी शिकणाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्टींतील शंभरांपैकीं सुमारें ९८ शब्द ओळखीचे असले तर ती दुसऱ्याच्या मदतीवांचून नीट समजते. ऐंशींच ओळखीचे असले तर ती कोणासही पुरती समजली नाहीं. शंभर दाण्यांत दोन खडे निघाले तर भाकरी खातां येते. वीस निघाले तर दांत पडतात. परिमिती, सरासरी, बाष्पीभवन हे शब्द चुलीपाशीं मिळत नाहींत. ते शाळेनेंच दिले पाहिजेत. पण ठाऊक शब्दाला बांधून दिले पाहिजेत. शेताच्या बांधाबांधानें एक फेरा घातला कीं जेवढें अंतर होतें ती परिमिती. उन्हानें तळें आटतें, तें बाष्पीभवनामुळें. नवी वेल चढवायची तर जुनें खोडच मांडवाला लागतें.

आमच्या पाथर्डी तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीचे कोयते निघतात ते उन्हाळा लागल्यावर परततात. पोरें बरोबर गेलीं तर पुस्तकांतील निम्मे शब्द त्यांस भेटतच नाहींत. तरी तीं रिकाम्या हातीं येत नाहींत. फड, मोळी, वाढें, टोळी असें पुष्कळ घेऊन येतात. एकदां मीं वर्गांत विचारलें, “उचल म्हणजे काय?” एक पोरगी म्हणाली, “मुकादम देतो आन् मग फिटत न्हाई ती.” वर्ग हंसला, मला हंसूं आलें नाहीं. त्या एका उत्तरांत कर्ज, व्याज व मजुरी असे गणिताचे तीन धडे होते.

मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेंतून आलेल्या बाईंनीं फलटण गांवच्या बोलीचा अभ्यास करून १९७३ सालीं प्रबंध लिहिला. पुढें तेथेंच राहून शाळेंत मागें पडलेल्या मुलांस त्यांनीं वाचावयास शिकविलें. १९८६ सालीं कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा तेथें निघाली. ज्याला वाचावयास शिकवायचें त्याचें बोलणें आधीं ऐकावें, हा धडा मी त्यांच्या कामापासून घेतला. जरा उशिरां घेतला.

दुसरीकडे कित्येक बाप शेळी विकून पोराला इंग्रजी पाटीच्या शाळेंत घालतात. इंग्रजी अवश्य शिकावी. पण कॅनडांतील जिम कमिन्स यांनीं परमुलखांतून आलेल्या मुलांविषयीं दाखविलें आहे कीं, बोलण्याखेळण्यापुरती नवी भाषा सुमारें दोन वर्षांत येते; पुस्तकी विषय त्या भाषेंत उमजावयास पांच ते सात वर्षें लागतात. तीं मुलें इंग्रजीच्या समुद्रांत राहत होतीं. आपल्या पोराच्या वांट्याला डबकें. मायबोलींत विचार पक्का झाला नाहीं तर दोन्ही भाषा अर्ध्याकच्च्या राहतात.

तेव्हां करावें काय? बंधूंनो, भगिनींनो, निंदणींत, भट्टीपाशीं, जेवतांना पोराला विचारा आणि त्याचें उत्तर पुरतें ऐकून घ्या. “गप बस” हा आपल्या घरांतला सर्वांत महाग शब्द आहे. फडावर निघतांना बोचक्यांत एक गोष्टीचें पुस्तक टाका. वाचतां येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. आणि शाळा व्यवस्थापन समितींत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें शेंकडा ७५ जागा आईबापांच्या आहेत. तेथें नुसतें सही करून उठूं नका. मास्तराला विचारा, “आमच्या गांवचे शब्द फळ्यावर येतात काय?” मास्तर चिडला तरी विचारा. आमच्या अंगाला तें लावून घेतल्यावांचून आम्ही सुधारणार नाहीं.

त्या पोराला मीं फळ्यापाशीं बोलाविलें. त्यानें ‘पाभर’ लिहिलें, खालीं मीं ‘पेरणीयंत्र’ लिहिलें आणि दोन्हींत फरक काय तें वर्गानें सांगावयाचें ठरलें. पहिला हात त्याचा वर झाला नाहीं, तिसरा झाला. वहींतली फुली मीं खोडली आहे. पण वीस वर्षांच्या नोकरींत अशा किती वह्यांवर मीं फुल्या मारल्या, त्यांचा हिशोब कोण देणार?

— एक खेडवळ मास्तर, तिसगांव