देणाऱ्याची नोंद म्हणजे पावती नव्हे

आमच्या वस्तीच्या नाक्यावर एक मावशी सायंकाळी वडापावची गाडी लावतात. मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर त्या आमच्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरं पैसे पाठवल्याचं मोबाईलवर दाखवतात, हिरवी खूण दिसते, मी वडापाव देते. पण बँकेत पैसे कमीच भरतात. माझंच काही चुकतं का?"

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. पावाच्या लाद्या किती आल्या, किती पाव उरले, रोकड किती, खात्यात जमा किती, हे सारे मांडले. दोन दिवसांत चारशे दहा रुपयांची तूट निघाली. त्या दोन्ही दिवशी पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या स्पीकरची बॅटरी उतरलेली होती. मुलगा आईवर चिडला, "तुला वाचता येत नाही म्हणून लोक फसवतात." मावशींनी मान खाली घातली.

आम्हाला त्या मुलाचे म्हणणे मान्य नाही. ही चूक निरक्षरतेची नाही. हीच चूक अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने केली आणि तिच्याकडे शिकलेल्या माणसांचा तोटा नव्हता.

सीएससी सर्व्हिसवर्क्स ही कंपनी वसतिगृहांत आणि इमारतींत पैसे भरून वापरायची कपडे धुण्याची यंत्रे बसवते. अशी दहा लाखांहून अधिक यंत्रे तिची आहेत. मोबाईलच्या ॲपमध्ये आगाऊ पैसे भरायचे आणि त्यातून यंत्र चालू करायचे. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील दोन विद्यार्थ्यांना असे आढळले की, खात्यात पैसे आहेत की नाहीत ही तपासणी गिऱ्हाईकाच्या मोबाईलमधले ॲपच करते, आणि कंपनीचा मुख्य संगणक त्या ॲपकडून आलेला निरोप निमूटपणे खरा मानतो. मग ॲपला बाजूला सारून थेट खोटा निरोप पाठवला, तर काय? यंत्र फुकट चालू झाले. खात्यात लाखो डॉलर जमा असल्याचेही दिसू लागले.

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो आणि कचेरीत कारकुनी करतो. रोखपाल कधी असे म्हणतो का, की समोरच्याने स्वतःच्या वहीत 'दिले' असे लिहून आणले, म्हणजे पैसे आले? तो आपल्या पेटीत पाहतो, आपल्या वहीत जमा करतो आणि मग पावती फाडतो. देणाऱ्याची नोंद ही घेणाऱ्याची पावती होऊ शकत नाही. गिऱ्हाईकाचा मोबाईल ही गिऱ्हाईकाची वही आहे. तिच्यात काय उमटवायचे ते त्याच्या हाती असते.

मग शिकलेली माणसे असे का करतात? तपासणी मोबाईलवरच उरकली तर काम लवकर होते, खर्च कमी येतो. ॲप बनवणारा धरून चालतो की लोक दिलेली बटणेच दाबतील. शिवाय चूक सांगायला गेले तर ऐकून घेणारा जागेवर नसतो. त्या विद्यार्थ्यांनी कंपनीला कळवले, पण बराच काळ दाद मिळाली नाही. प्रकरण वृत्तपत्रांपर्यंत गेले तेव्हा कुठे कंपनीने दखल घेतली.

आता आपल्या नाक्यावर या. आपण ज्याला स्कॅनर म्हणतो, त्या चौकोनी नक्षीत फक्त दुकानदाराच्या खात्याचा पत्ता असतो. गिऱ्हाईकाची बँक पैसे वजा करते, दुकानदाराच्या खात्यात ते जमा होतात आणि त्याची खबर कंपनीच्या संगणकाकडून स्पीकरला मिळते. स्पीकर गिऱ्हाईकाच्या मोबाईलला काहीच विचारत नाही. म्हणून ही रचना चांगली आहे. परंतु बॅटरी उतरली, नेटवर्क गेले किंवा गर्दी झाली, की आपण गिऱ्हाईकाच्या हिरव्या खुणेवर विसंबतो आणि तेथेच फसतो. हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली ॲप निघाली आहेत. त्यांत दुकानाचे नाव आणि रक्कम टाकली की 'पैसे गेले' असे चित्र उमटते, पण बँकेला पत्ताही नसतो.

स्कॅनरचा कागदही तपासावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे चोरट्यांनी रातोरात अनेक दुकानांच्या स्कॅनरवर आपले स्कॅनर चिकटवले होते. गिऱ्हाईक प्रामाणिकपणे पैसे देत होते आणि ते चोरांना मिळत होते.

सरकारने ३० डिसेंबर २०१६ रोजी जे ॲप आणले, त्याला बाबासाहेबांच्या नावावरून 'भीम' म्हटले गेले. पण नुसत्या नावाने रक्षण होत नाही. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांनी पैशाचा व्यवहार समजून घेतलाच पाहिजे.

म्हणून मावशींना आम्ही सांगितले ते सर्वांनाच सांगतो. स्पीकर बोलला नाही, तर आपल्या मोबाईलवर, आपल्या खात्यात जमा पाहा, मगच माल द्या. स्पीकर रोज रात्री चार्जिंगला लावा. सकाळी गाडी लावताना स्वतःच एक रुपया पाठवून स्कॅनर तपासा. पैसे घेण्यासाठी गुप्त पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर देऊ नका. फसवणूक झाली तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना आम्हाला वाईट वाटते. मावशींना हिरवी खूण दाखवणाऱ्यांत आपल्याच वस्तीतली दोन मुले होती. त्यांना ती गंमत वाटली. विहारात दर रविवारी आपण न दिलेले न घेण्याचे शील घेतो. ते काय फक्त विहाराच्या उंबरठ्यापर्यंत? सांताक्रूझच्या त्या विद्यार्थ्यांनाही फुकटाचा मार्ग सापडला होता. त्यांनी तो मालकाला दाखवून दिला. आमची मुले हुशारीत कमी नाहीत. त्या दोघांना आम्ही बोलावून घेतले. त्यांनी पैसे परत केले. आता रोज सायंकाळी गाडी लागण्यापूर्वी स्कॅनर तपासून देण्याचे काम त्यांच्याकडेच आहे.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, कोणी सांगितले एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून घ्या. मावशी आता गिऱ्हाईकाला हसून म्हणतात, "थांब बाळा, माझ्या वहीत येऊ दे." त्यात अविश्वास नाही. तो हिशेब आहे.

जय भीम.