'महाराणी'चा साचा

सदाशिव अमरापूरकर (१९५०-२०१४) हे मूळचे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. 'सडक' (१९९१) या चित्रपटातील त्यांच्या 'महाराणी'ला खलभूमिकेसाठीचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. कुंटणखाना चालविणाऱ्या या तृतीयपंथी व्यक्तिरेखेचा प्रभाव निर्विवाद आहे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. सुमार नटाची नक्कल प्रेक्षक विसरतो. समर्थ नट साचा पक्का करून जातो.

याच नटाने 'अर्धसत्य' (१९८३) मध्ये रामा शेट्टीची दहशत विलक्षण संयमाने उभी केली आणि 'भारत एक खोज' (१९८८) या दूरदर्शन मालिकेत जोतीराव फुले साकारले. तेव्हा उणीव नटाच्या कुवतीत नव्हती, संहितेत होती. तिने महाराणीला क्रौर्य दिले, अंतरंग दिले नाही.

पुढे दूरचित्रवाणीवरील विनोदाने समलिंगी पुरुषालाही हीच सामग्री चिकटविली: लचकणे, मुरडणे, चिरका आवाज. लिंगभाव आणि लैंगिक आकर्षण या वस्तुतः भिन्न गोष्टी. पडद्यावर दोहोंचा मिळून एक 'बायल्या' होतो, आणि तोही बहुधा हशापुरता. याउलट 'अर्धसत्य'चे पटकथाकार विजय तेंडुलकर यांनी 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकात समलिंगी नायिकेची ओळख हावभावांवर सोपविली नाही; तिची ओढ आणि तिचे एकाकीपण हेच नाट्य झाले. समलिंगी पुरुषाच्या वाट्याला अशी संहिता मराठी मालिकांतून क्वचितच येते. आपली समीक्षा मात्र 'भूमिका जिवंत केली' एवढ्यावर समाधान मानते. जिवंत केले ते माणूस की सोंग, हे तिने विचारावयास हवे.