मांकडांच्या नावावर जमा काय, खर्ची काय?

24 सप्टेंबर 2022 रोजी लॉर्ड्स मैदानावर भारताच्या दीप्ती शर्माने, चेंडू टाकला जाण्यापूर्वीच क्रीज सोडून पुढे सरकलेल्या चार्ली डीनला धावचीत केले. भारतीय महिला संघाने ती मालिका 3-0 अशी जिंकली. परंतु विजयाचे कौतुक राहिले बाजूला, आणि इंग्लंडच्या वृत्तपत्रांत चर्चा रंगली ती खिलाडूवृत्तीची. त्या चर्चेत पुन्हा एकदा 'मांकडिंग' हा शब्द उगाळला गेला. याची खंत अधिक वाटते, कारण हा शब्द उच्चारणाऱ्यांत आपलेही अनेक समालोचक आणि क्रीडा पत्रकार होते.

ज्यांच्या आडनावाचे असे क्रियापद झाले, ते विनू मांकड होते तरी कोण? नव्या पिढीला हे सांगावे लागावे, यातच सारे आले. 12 एप्रिल 1917 रोजी जामनगरात जन्मलेल्या मांकडांनी 1937-38 मध्ये लॉर्ड टेनिसन यांच्या संघाविरुद्ध आपली चमक दाखवली. पुढे महायुद्धाने ऐन उमेदीची वर्षे गिळली आणि कसोटी पदार्पणाला 1946 साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय होते 29. त्याच इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 1120 धावा केल्या आणि 129 बळी घेतले. कसोटीत 1000 धावा आणि 100 बळी हा टप्पा त्यांनी 23 सामन्यांत गाठला. तो विक्रम 1979 मध्ये इयान बॉथमने मोडला. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर ते फलंदाजीस आले. ज्या वेळी जी गरज, ती भागवणे हा त्यांचा स्वभाव.

आता त्या बहुचर्चित प्रसंगाकडे वळू. 1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मांकडांनी एका सराव सामन्यात बिल ब्राऊनला आधी ताकीद दिली, तरीही तो पुढे सरकल्यावर धावचीत केले. 13 डिसेंबर 1947 रोजी सिडनी कसोटीत ब्राऊनने तीच चूक पुन्हा केली आणि पुन्हा बाद झाला. ऑस्ट्रेलियाच्या काही पत्रकारांनी आरडाओरडा केला. पण कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी आपल्या आत्मचरित्रात मांकडांचीच बाजू घेतली. नियम स्पष्ट आहे, फलंदाजाने क्रीजमध्ये राहावे, मग गोलंदाजाला दोष कसला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. प्रतिस्पर्धी कर्णधाराने दिलेला हा निर्वाळा विसरला गेला, पत्रकारांची कुजबूज मात्र शब्दकोशात जाऊन बसली! त्याच दौऱ्यात लिंडवॉल-मिलरसमोर मेलबर्नवर मांकडांनी झळकावलेल्या दोन शतकांतून मात्र कोणताही शब्द जन्माला आला नाही.

अर्थात, सारा दोष परक्यांच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी न्यायाचे नाही. फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि 8 धावांनी हरवले. भारताचा हा पहिलाच कसोटी विजय. त्यात मांकडांनी 55 धावांत 8 आणि 53 धावांत 4 असे एकूण 12 बळी घेतले. क्रिकेट हीच ज्यांची उपजीविका, अशा या खेळाडूने त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी मागितली, तेव्हा मंडळाने ती नाकारली. मांकडांनी लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबशी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था 4 बाद 0 अशी झाली आणि मंडळाचे डोळे उघडले. हॅस्लिंग्डनकडे विनंती करून मांकडांना बोलावून घ्यावे लागले. आपल्या माणसाची किंमत आपल्याला संकटातच कळते, हा अनुभव क्रिकेटपुरता मर्यादित नाही.

लीगमधून थेट लॉर्ड्सच्या कसोटीत उतरलेल्या मांकडांनी सलामीला येऊन 72 धावा केल्या. त्यानंतर 73 षटके टाकून 196 धावांत 5 बळी घेतले. 35 वर्षांचा हा गडी दुसऱ्या डावात पुन्हा सलामीला आला. या वेळी त्याने 184 धावा केल्या, त्यात कर्णधार विजय हजारे यांच्यासह 211 धावांची भागी. मग आणखी 24 षटके. म्हणजे एकाच सामन्यात 256 धावा आणि 97 षटके! भारत तो सामना 8 गडी राखून हरला, तरी इंग्लंडमध्येही तो 'मांकडांचा कसोटी सामना' म्हणूनच ओळखला जातो. 1956 मध्ये मद्रासला पंकज रॉय यांच्यासह रचलेली 413 धावांची सलामी 2008 पर्यंत अभंग राहिली, हे ओघाने आलेच. 44 कसोटी, 2109 धावा, 162 बळी असा त्यांचा अखेरचा हिशेब. 21 ऑगस्ट 1978 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, 19 वर्षांखालील मुलांची स्पर्धा त्यांच्या नावे होते, 2021 मध्ये आयसीसीने त्यांना 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान दिले. दीप्तीच्या त्या सामन्यानंतर आठवड्याभरातच, 1 ऑक्टोबर 2022 पासून, या बाद होण्याला नियमावलीत 'अनुचित खेळ' या सदरातून काढून साध्या 'धावचीत'मध्ये नेण्यात आले. आता मराठी समालोचकांना आणि क्रीडा पानांच्या संपादकांना तो जुना शब्द वापरण्याचे काही कारण उरलेले नाही. 'धावचीत' हा सुटसुटीत शब्द आपल्याकडे आहे.

आणि लॉर्ड्सचेच म्हणाल, तर तेथील पाहुण्या संघाच्या खोलीत शतकवीरांचा एक फलक आहे आणि डावात 5 बळी घेणाऱ्यांचा दुसरा. 1952 च्या त्या एकाच सामन्यामुळे मांकडांचे नाव दोन्ही फलकांवर आहे.